प्रतीचे स्वातंत्र्य

छापील कागदाचे दिवस भरले की नाही, हा वाद गेली कित्येक वर्षे त्याच दोन बाजूंनी, त्याच मुद्द्यांवर चालला आहे. एक बाजू पुस्तकाचा वास, पानांचा स्पर्श यांचे गोडवे गाते आणि छपाई अमर आहे असे सांगते. दुसरी बाजू झाडांचा आणि पाण्याचा हिशेब मांडते आणि कागद हा जुन्या माणसांचा हट्ट आहे असे म्हणून मोकळी होते. दोघांचीही नजर कागदावर खिळलेली आहे, आणि वाद फसतो तो तिथेच. कागद छपाईच्या आधीही होता, छपाईशिवायही राहील. छपाईने जगाला दिली ती प्रत. एकाच मजकुराच्या शेकडो प्रती शेकडो हातांत जातात आणि छापखान्याच्या दारातून एकदा बाहेर पडल्या की छापणाऱ्यालाही त्या परत बोलावता येत नाहीत. छपाईच्या भवितव्याचा विचार करायचा तर या स्वतंत्र प्रतीचे पुढे काय होणार, हे विचारले पाहिजे. संगणक-मोबाइलच्या पडद्यामुळे तिला धोका आहे हे उघड आहे. त्याहून जवळचा धोका छपाईच्याच नव्या तंत्रात आहे, आणि त्याबद्दल दोन्ही बाजूंकडून चकार शब्द निघत नाही.

हा धोका समजायला आधी तंत्राकडे पाहावे लागेल. छपाईचा इतिहास बहुतेक वेळा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मला तो पहिल्या प्रतीच्या खर्चाचा इतिहास वाटतो. चीनमध्ये अकराव्या शतकात बी शेंगने छापायच्या अक्षरांचे मातीचे सुटे खिळे केले, कोरियात १३७७ साली धातूच्या खिळ्यांनी ग्रंथ छापला गेला आणि १४५५च्या सुमारास जर्मनीतल्या माइन्झमध्ये गुटेनबर्गने ४२ ओळींच्या बायबलच्या सुमारे १८० प्रती काढल्या. शिसे, कथील आणि अँटिमनीच्या मिश्रणाचे खिळे ओतायचे, एकेक उचलून ओळ जुळवायची, पान बांधायचे, फर्मा आवळायचा. ही सगळी मेहनत पहिल्या प्रतीसाठी. ती एकदा झाली की दुसऱ्या प्रतीला लागतो तो कागद, शाई आणि दांडा ओढणारा हात. म्हणजे पहिली प्रत अतिशय महाग आणि पुढची प्रत्येक प्रत स्वस्त. पुढच्या साडेचारशे वर्षांतल्या बहुतेक मोठ्या शोधांनी हाच हिशेब आणखी ताणला. हातयंत्रावर दोन माणसे तासाला दोन-अडीचशे कागद छापत. फ्रीडरिश कोनिगच्या वाफेवरच्या यंत्राने २९ नोव्हेंबर १८१४चा लंडनचा ‘टाइम्स’ छापला तो तासाला सुमारे ११०० कागदांच्या वेगाने. मग फिरत्या रुळांची रोटरी आली, १८८६ साली अख्खी ओळ एका दमात ओतणारे लायनोटाइप आले. १७९६च्या सुमारास झेनेफेल्डरने शोधलेले शिळाछापाचे तंत्र थोडे वेगळ्या वाटेचे. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत एवढ्यावर ते उभे होते आणि ज्या लिप्यांत अक्षराला अक्षर जोडले जाते त्यांना ते मोठे वरदान ठरले. उर्दू-फारसीच्या नस्तालिकसारखे उतरते वळण सुट्या खिळ्यांत बसवताना ओतारी हैराण होत, देवनागरीला काना-मात्रा-जोडाक्षरांसह शेकडो खिळे लागत. दगडावर मात्र लेखणीने लिहिता येई.

त्याच तेलपाण्याच्या तत्त्वावर ऑफसेट उभे राहिले. १९०४च्या सुमारास न्यू जर्सीतल्या आयरा रुबेल या मुद्रकाला दिसले की यंत्रात कागद जायचा चुकला की छाप खालच्या रबरावर उमटतो, आणि रबरावरून पुढच्या कागदाच्या पाठीवर पडलेला तो छाप थेट छापापेक्षा सुबक येतो. कागद रोज चुकतच असतील. पाठीवरचा छाप निरखून पाहणारा माणूस भेटायला वेळ लागला. पत्र्यावर रबरामार्फत छापण्याची युक्ती इंग्लंडमध्ये १८७५ पासून होती, पण कागदासाठी तिचा उपयोग होईल हे तोवर कोणाच्या लक्षात आले नव्हते.

ऑफसेट यंत्रावर नवे काम चढताना ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला पहिल्या प्रतीचा खर्च समजावून सांगावा लागत नाही. चार रंगांच्या चार प्लेटा, म्हणजे पानाची प्रतिमा उमटवलेले पत्रे, चढतात. पहिले काही कागद बाहेर येतात ते बिनकामाचेच असतात. पिवळा केसभर वर, निळा किंचित डावीकडे, माणसाच्या ओठांना दुहेरी कड. मशिनमन कागदाच्या कोपऱ्यातल्या फुलीच्या खुणांवर भिंग टेकवतो, चारही फुल्या एकावर एक बसेपर्यंत प्लेट सरकवतो. शाईच्या चाव्या सैल-घट्ट होतात. पाणी जास्त झाले की छाप फिका पडतो, कमी झाले की कोऱ्या जागेवर शाई चढायला लागते. रद्दीचा ढीग वाढत असतो. मग एका क्षणी सगळे जुळते आणि यंत्र तासाला दहा-पंधरा हजार कागदांच्या वेगाने सुटते. यासाठी लागलेला वेळ आणि वाया गेलेला कागद पाचशे प्रतींवर वाटायचा की पन्नास हजारांवर, यावर पुस्तकाची किंमत ठरे. कोणते पुस्तक छापायचे, हेही त्यावरच ठरे.

डिजिटल छपाईने हा हिशेब मोडला. चेस्टर कार्लसनने १९३८ साली विजेच्या भारावर कोरडी भुकटी चिकटवून पहिली झेरॉक्स प्रतिमा उमटवली, १९७७ साली झेरॉक्सचा मोठा लेसर प्रिंटर बाजारात आला आणि १९९३ साली बेनी लांडा यांच्या इंडिगो कंपनीने द्रव शाईचे डिजिटल रंगीत यंत्र आणले. आता शाईचे अतिसूक्ष्म थेंब उडवणारी इंकजेट यंत्रे रिळाच्या रीळ छापतात. तंत्रे वेगवेगळी, पण प्लेट कशातच नाही. फाइल पाठवली की कागद छापून बाहेर. पहिली प्रत आणि हजारावी प्रत यांचा खर्च जवळपास सारखा. प्रत्येक कागदावर वेगळा मजकूर छापायलाही यंत्राला जादा काही करावे लागत नाही. गुटेनबर्गनंतर छपाईत झालेला सर्वांत मोठा बदल मी यालाच म्हणेन. वाफ आणि ऑफसेट यांहूनही मोठा.

हे ध्यानात घेतले म्हणजे दोन्ही बाजूंची भाकिते का फसत आली ते कळते. १९७५ साली ‘बिझनेस वीक’ने भविष्यातल्या कचेरीचे चित्र रंगवले, त्यात कागद जवळपास हद्दपार झालेला होता. पुढची पंचवीस वर्षे कचेऱ्यांतला कागद वाढतच गेला, कारण लेसर प्रिंटरने एक प्रत काढणे फुकटात पडल्यासारखे सोपे केले होते. छपाईप्रेमी आजही हे उदाहरण विजयाने सांगतात. पण २०००नंतर जगातले वृत्तपत्री कागदाचे उत्पादन निम्म्याच्याही खाली आले, हे ते सांगत नाहीत. जगात वर्षाला सुमारे ४० कोटी टन कागद आणि पुठ्ठा तयार होतो आणि त्यातला निम्म्याहून जास्त खोकी, वेष्टने, पिशव्यांत जातो. छपाईचा धंदा जगला आहे तो बराचसा त्यावर. खोक्यांवरची शाई वाढली म्हणून छापील शब्द वाचला, असे कोणी म्हणेल का?

पडद्याच्या बाजूच्या ज्या गोष्टी खऱ्या आहेत त्या आडपडदा न ठेवता मान्य केल्या पाहिजेत. शब्दकोश, ज्ञानकोश, वेळापत्रक, दूरध्वनीची सूची, भावांचे तक्ते, ही कामे पडदा जास्त चांगली करतो. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाने २०१२ मध्ये छापील आवृत्ती बंद केल्याचे जाहीर केले तेव्हा २४४ वर्षांची परंपरा संपली म्हणून पुष्कळ हळहळ झाली. मला तो निर्णय रास्त वाटला. जुने झालेले ज्ञान बत्तीस जाडजूड खंडांत बांधून ठेवण्यात कोणाचे हित आहे? अक्षर मोठे करता येणे, मजकुरात शोध घेता येणे, ज्याला दिसत नाही त्याला पुस्तक ऐकता येणे या चैनीच्या गोष्टी नाहीत. ज्या अभ्यासकाला दूरच्या ग्रंथालयात जाणे कधीच परवडले नसते त्याच्यापुढे आज दुर्मीळ ग्रंथ उघडतो. कागद कारखाना पाणी आणि ऊर्जा खातो. अंदाज चुकला की न खपलेल्या पुस्तकांचे गठ्ठे लगद्यात जातात. हे सगळे कबूल. वाचनासाठी कागद श्रेष्ठ की पडदा, हा प्रश्न मी ज्याच्या त्याच्या डोळ्यांवर सोडून देतो.

पण वाचन संपल्यावरही मजकुराचे एक काम शिल्लक राहते. ते साक्षीचे. १६३१ साली लंडनमध्ये रॉबर्ट बार्कर आणि मार्टिन लुकास या राजमुद्रकांनी बायबल छापले. दहा आज्ञांपैकी व्यभिचाराच्या आज्ञेतला नकारच गळाला आणि ‘तू व्यभिचार कर’ अशी आज्ञा छापली गेली. मुद्रकांना ३०० पौंडांचा दंड झाला, प्रती गोळा करून नष्ट करण्याचे फर्मान निघाले. राजाची सत्ता, चर्चची सत्ता, दोन्ही त्या फर्मानामागे होत्या. तरीही काही प्रती निसटल्या आणि आज ग्रंथालयांत त्या पाहायला मिळतात. आता २०१९ कडे या. मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले आणि ग्राहकांनी विकत घेतलेली पुस्तके त्यांच्या उपकरणांवर उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, पुस्तकांत टिपणे केलेल्यांना थोडी जास्त रक्कमही मिळाली. कंपनीने कोणाला फसवले नाही. पण एकाही हातात प्रत उरली नाही. सगळी राजसत्ता लावून १६३१ मध्ये जे पुरते जमले नाही, ते इथे एका व्यावसायिक निर्णयाने, कसलाही दुष्ट हेतू नसताना होऊन गेले. जालावरच्या मजकुराची गत याहून वेगळी नाही. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती.

यावरचा सर्वांत जबरदस्त आक्षेप पडदाप्रेमी घेत नाहीत. तो ग्रंथांच्या इतिहासकारांकडून येतो. ते म्हणतात, छापील प्रती एकसारख्या असतात ही समजूतच भाबडी आहे. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ मध्ये निघालेला पहिला मोठा संग्रह घ्या. छापता छापता कोणी चूक दाखवली की यंत्र थांबवून खिळा बदलला जाई, पण आधी छापलेले कागद महाग म्हणून फेकले जात नसत. तेही बांधणीत जात. परिणामी एका प्रतीत एक पान दुरुस्त तर दुसरे चुकीचे, दुसऱ्या प्रतीत नेमके उलट. मग ज्या एकसारखेपणाच्या नावाने आपण गळा काढतो तो होता तरी कुठे?

आक्षेप खरा आहे. फक्त हे कळले कसे तेही पाहू. वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयात चार्ल्टन हिनमन यांनी या संग्रहाच्या पन्नासहून अधिक प्रती पानागणिक ताडून पाहिल्या. त्यासाठी त्यांनी स्वतः एक यंत्र बनवले. दोन प्रतींतले तेच पान दोन बाजूंना ठेवायचे, आरशांतून दोन्ही प्रतिमा डोळ्यापुढे एकावर एक आणायच्या आणि दिवे आळीपाळीने उघडझाप करायचे. जिथे दोन्ही पाने सारखी तिथे अक्षर स्थिर दिसते. जिथे एखादा स्वल्पविराम बदलला असेल तिथे ती जागा लुकलुकते. सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या छापखान्यात कोणते पान आधी छापले, दुरुस्ती कुठे झाली, कोणता जुळारी कुठल्या खणातून खिळे उचलत होता, इथवर ते पोचले. बदल झाला होता, पण बदलाने आधीचे रूप पुसले नव्हते. दोन्ही रूपे कागदावर होती, वेगवेगळ्या मालकांच्या कपाटांत होती. फाइल दुरुस्त करून त्याच नावाने साठवली की कोणते दोन कागद हिनमन समोरासमोर ठेवणार? मजकूर कधीच बदलू नये असे म्हणण्यात अर्थ नाही. तो बदलला तर बदल दिसावा, एवढी माझी अपेक्षा आहे.

यावर संगणक क्षेत्रातले लोक म्हणतात की फाइलमधला बदल ओळखायला गणिती ठसा असतो. एक स्वल्पविराम हलला तरी ठसा बदलतो. हेही खरे, आणि उत्तम साधन आहे. पण ठसा फक्त बदल झाल्याचे सांगतो, गेलेला मजकूर परत देत नाही, आणि मूळ ठसा जपणारा कोणी तिसरा लागतोच. डिजिटल जतनाचे ज्यांनी गांभीर्याने काम केले त्यांनी हे ओळखले. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९९च्या सुमारास लॉक्स नावाची योजना सुरू झाली. तिचे सूत्र असे की नियतकालिकांच्या पुष्कळ प्रती वेगवेगळ्या ग्रंथालयांनी आपापल्या संगणकांवर स्वतंत्र ठेवायच्या आणि त्या आपसांत ताडून पाहायच्या. म्हणजे डिजिटल जतनाचा भरवशाचा मार्ग शोधताना माणसे छपाईच्याच गुणाकडे वळली. हे जितके वाढेल तितके मला हवेच आहे.

आता त्या जवळच्या धोक्याकडे. मागणीनुसार छपाई, म्हणजे वाचकाने मागवली की एक प्रत छापायची, ही पद्धत १९९०च्या दशकाअखेर रुळली आणि तिने लहान लेखकांना, थोड्या वाचकांच्या विषयांना, संपलेल्या पुस्तकांना जीवदान दिले. गोदाम नको, उरलेले गठ्ठे नकोत. छपाईचे भवितव्य मोठ्या प्रमाणात याच बाजूला आहे आणि ते चांगले आहे. पण यात आवृत्ती नावाची गोष्ट विरघळते, तिचे काय? खिळ्यांच्या आणि प्लेटांच्या काळात हजार प्रती एकदम निघत, म्हणून त्या हजारांचा एक ठरलेला मजकूर असे. चूक सापडली तर शुद्धिपत्र छापून चिकटवावे लागे. चूक आणि दुरुस्ती दोन्ही वाचकापुढे येत. आता जानेवारीत मागवलेली प्रत आणि जूनमध्ये मागवलेली प्रत यांचे मुखपृष्ठ तेच, क्रमांक तोच, पहिल्या पानावरचे वर्षही तेच, आणि मधल्या काळात प्रकाशकाने फाइलमधले दोन परिच्छेद गाळलेले असू शकतात. हातात कागद आहे, शाई आहे, वासही आहे. स्वतंत्र प्रत मात्र नाही; फाइल त्या दिवशी जशी होती तिचा तो केवळ एक छाप आहे. औषधांच्या मात्रांचा तक्ता, कायद्याचे भाष्य, एखाद्या माणसावर केलेला आरोप अशा ठिकाणी हा फरक किती महाग पडेल, याची कल्पना करून पाहावी. आणि मागणी सुटी-सुटी असेल तर दोन प्रती शेजारी ठेवून पाहण्याची वेळही सहसा येत नाही.

स्वस्ताईच्या मागे चालताना छपाई एकदा अशीच फसली आहे. स्पोनहाइमच्या मठाचे प्रमुख योहानेस ट्रिथेमियस यांनी १४९२ साली लेखनिकांची बाजू घेताना लिहिले की चर्मपत्र हजार वर्षे टिकेल, कागदावर छापलेले दोनशे वर्षे टिकले तरी खूप. त्यांना मागासलेले ठरवण्याची रीत आहे. चिंध्यांपासून केलेल्या त्यांच्या काळच्या कागदाबद्दल ते चुकले. ती पाने आजही धडधाकट आहेत. पण एकोणिसाव्या शतकात मागणीला चिंध्या पुरेनाशा झाल्या, लाकडाचा लगदा आला, शाई फुटू नये म्हणून राळ आणि तुरटीची खळ आली, आणि कागदात आम्ल शिरले. पुस्तके अभूतपूर्व स्वस्त झाली, लाखो घरांत पोचली. शंभर वर्षे उलटायच्या आत तीच पाने पिवळी पडून बोटाखाली तुटू लागली आणि ग्रंथालयांना आम्ल काढण्याचे प्रचंड खर्चिक काम मागे लागले. लगदा वापरायलाच नको होता, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. आम्लरहित खळ पुढे विसाव्या शतकात निघालीच. फक्त प्रश्न वेळेत विचारला गेला नाही. टिकाऊ कागदाचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ९७०६, यायला १९९४ उजाडले.

या वेळचा प्रश्न तितका अवघडही नाही. मागणीनुसार छापलेल्या प्रत्येक प्रतीवर ती कोणत्या दिवशीच्या फाइलवरून छापली ते छापले पाहिजे, आणि आधीच्या फाइलपेक्षा काय बदलले याची नोंद प्रकाशकाने उघड ठेवली पाहिजे. चीनमध्ये ८६८ साली लाकडी ठोकळ्यांवरून छापलेले वज्रसूत्र आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यावर वर्ष, महिना, तिथी आणि वाटपासाठी ते करवून घेणाऱ्या वांग ज्ये याचे नाव ठोकळ्यातच कोरलेले आहे. ज्या यंत्राला प्रत्येक पाकिटावर वेगळे नाव-पत्ता छापता येतो, त्याला एक तारीख छापणे जड जाऊ नये. खर्चाचे कारण इथे चालण्यासारखे नाही.

ग्रंथालयांत प्रत जमा करण्याचे कायदेही याच नजरेने पाहावे लागतील. फ्रान्समध्ये पहिल्या फ्रान्स्वा राजाने १५३७ साली हा दंडक घातला, पुढे बहुतेक देशांनी तो उचलला. त्या कायद्यांनी गृहीत धरले आहे की जमा झालेली एक प्रत बाकीच्या सगळ्या प्रतींची प्रतिनिधी असते. सतत बदलणाऱ्या फाइलच्या बाबतीत हे गृहीतच कोसळते. मग जमा करायची ती प्रत पहिल्या दिवसाची की शेवटच्या? माझे मत असे की मजकुरात अर्थ बदलणारी दुरुस्ती झाली की नवी प्रत जमा करणे बंधनकारक असावे, ती टिकाऊ कागदावर असावी, आणि एकाच इमारतीत न ठेवता निदान तीन-चार वेगळ्या संस्थांकडे असावी. सगळ्याच पुस्तकांसाठी हे झेपणार नसेल तर कायदा, वैद्यक, शाळेची क्रमिक पुस्तके आणि सरकारी अहवाल यांपासून सुरुवात करावी. क्रमिक पुस्तकांत वर्षागणिक काय आले आणि काय गेले, हे पडताळून पाहायची गरज पालकांना आणि शिक्षकांना सर्वांत आधी पडणार आहे, आणि त्या वेळी दोन वर्षांच्या दोन प्रती त्यांच्यापुढे ठेवता आल्या पाहिजेत.